न खपलेल्या गाण्यांचं काय होतं?

(मार्कंडा, तालुका चामोर्शी, जिल्हा गडचिरोली येथे दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न घेतले आहेत.)



विषय वाचून काही जण चमकले असतील. सर आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवत आले, आता मार्कंड्यात येऊन रॉक बँडवर काय बोलणार? तर सांगतो. मला खरं म्हणजे एका जुन्याच प्रश्नावर बोलायचं आहे. माणसानं मन लावून काम केलं, काम चांगलंही झालं, पण ते खपलं नाही, कुणापर्यंत पोचलंच नाही. मग ते वाया गेलं असं म्हणायचं का? वर्गात हा प्रश्न विचारला की मुलं फळाची अपेक्षा न धरण्याचं उत्तर पाठ म्हणून दाखवतात आणि घंटा होते. उत्तर इतकं पटकन आलं की समजावं, प्रश्न अजून नीट कळलेला नाही. म्हणून आज उदाहरण घेऊन बोलू. आणि उदाहरण असं घेऊ की ज्याच्याबद्दल आपल्या मनात आधीपासून भक्तीही नाही आणि रागही नाही. मुंबईचे रॉक बँड त्याला बरे आहेत.

बुडालेल्यांची चित्रं कुठे आहेत?

आधी एक छोटी गोष्ट. रोमन लेखक सिसेरो यानं ती सांगितली आहे. डायागोरस नावाचा एक ग्रीक नास्तिक होता. त्याला कुणीतरी देवळात नेलं आणि भिंतीवरची चित्रं दाखवली. समुद्रात वादळ आलं असताना ज्यांनी नवस बोलला आणि जे वाचले, त्यांनी ती लावली होती. मित्र म्हणाला, बघ, देव वाचवतो की नाही? डायागोरस म्हणाला, हो, पण जे बुडाले त्यांची चित्रं कुठे आहेत?

हा प्रश्न कलेच्या इतिहासालाही विचारावा लागतो. रॉक म्हटलं की आपल्याला बीटल्स आठवतात, लेड झेपलिन आठवतात. ही तरून गेलेली माणसं. त्यांच्याकडे बघून आपण नियम काढतो की ज्याच्यात दम असतो तो वर येतोच. पण ज्यांच्यात दम होता आणि जे बुडाले, ते आपल्या हिशेबात धरलेलेच नसतात. हिशेब चुकतो तो तिथे.

मुंबईतली दहा-बारा वर्षं

आता बुडालेल्यांकडे वळू. साधारण १९६५ ते १९७७ हा काळ घ्या. मुंबईत द जेट्स, द मिस्टिक्स, द सॅव्हेजेस अशा नावांचे बँड उभे राहिले. बहुतेक कॉलेजची मुलं. सुरुवातीला परदेशी गाणी हुबेहूब वाजवायची, मग हळूहळू स्वतःची रचायची. इंपीरियल टोबॅको कंपनीनं 'सिमला' या आपल्या सिगारेटच्या जाहिरातीसाठी देशभरच्या बँडांची स्पर्धा भरवली. तिचं नाव सिमला बीट. शिलाँगचे फेंटोन्स, मद्रासचे कन्फ्यूजन्स, मुंबईचे व्हेल्वेट फॉग असे बँड त्यात उतरले. १९७० आणि १९७१ या दोन वर्षांच्या रेकॉर्डी निघाल्या. त्यांतल्या बऱ्याच बँडांचा तेवढाच पुरावा आज शिल्लक आहे. प्रत्येकाची एक-दोन गाणी, बस्स. म्हणजे एका पिढीच्या संगीताची नोंद ठेवली ती सिगारेटच्या जाहिरात खात्यानं. विद्यापीठानं ठेवली नाही, अकादमीनं ठेवली नाही. हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

१९७१ सालीच लोणावळ्याजवळ मळवलीला 'स्नेहयात्रा' नावाचा मोकळ्यावरचा संगीत महोत्सव झाला. अमेरिकेत १९६९ साली वुडस्टॉक झालं होतं, त्याचं वारं इथवर आलं होतं. कलकत्त्याहून निघणारं 'ज्युनिअर स्टेट्समन' हे साप्ताहिक या मुलांच्या बातम्या छापायचं. १९७२ मध्ये लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, तेव्हा कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' नावाच्या एका लहानशा डिस्कोथेकमध्ये इथल्याच वादकांची वाद्यं घेऊन वाजवून गेले. त्या घडीला जगातला सगळ्यांत मोठा म्हणावा असा बँड आणि मुंबईतली अनामिक पोरं, दोघांचं सामान एकच होतं. रात्र सरली, ते विमानानं गेले, ही पोरं इथेच राहिली. मग फरक कशाचा होता? नुसत्या गुणांचा म्हणाल तर मला ते पटत नाही.

साखळी कुठे तुटली

गाणं रचलं म्हणजे ते आपोआप खपत नाही. त्याला एक साखळी लागते. वाद्य मिळायला हवं. वाजवायला जागा हवी. ध्वनिमुद्रण करणारा हवा. रेडिओवर लावणारा हवा. रेकॉर्ड दुकानात ठेवणारा हवा. आणि गिऱ्हाइकाचा पैसा फिरून वाजवणाऱ्याकडे यायला हवा, म्हणजे तो दुसरं गाणं करील. एक कडी तुटली तरी खेळ थांबतो. मुंबईच्या बँडांच्या बाबतीत जवळजवळ प्रत्येक कडी कच्ची होती.

वाद्यांचं बघा. परदेशी गिटार, परदेशी अँप्लिफायर आणायचा तर आयातीचे निर्बंध आणि वर जकात. मग कुणी खलाशाकडून मागवायचा, कुणी रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून जोडून घ्यायचा. ध्वनिमुद्रणाचं बघा. रेकॉर्ड काढणाऱ्या मोठ्या कंपन्या दोनच, एचएमव्ही आणि पॉलिडोर, आणि दोघींचं पोट सिनेमाच्या गाण्यांवर. रेडिओ सरकारी. त्यावर पाश्चात्त्य संगीताला थोडा वेळ, त्यात इथल्या बँडला किती मिळणार? जागा म्हणाल तर कॉलेजांची संमेलनं, हॉटेलं, चर्चगेटची उपाहारगृहं. तिथे लोक जेवायला आणि नाचायला येतात. त्यांना ओळखीची गाणी हवी असतात. बँडनं स्वतःचं गाणं सुरू केलं की ते कॉफी मागवतात.

आणि भाषा. गाणी इंग्रजी. ती ऐकणारा वर्ग मुंबई, कलकत्ता, मद्रास, बंगळूर, शिलाँग असा विखुरलेला आणि पातळ. गिरगाव-परळच्या माणसाशी हे गाणं बोलत नव्हतं, चामोर्शीची तर गोष्टच सोडा.

पण एक गंमत आहे. रॉकचा आवाज मात्र या देशात भरपूर खपला. १९७१ चा 'हरे रामा हरे कृष्णा' आठवा, राहुल देव बर्मन यांचं संगीत. विजेची गिटार, ड्रम, तो सगळा धूर. हिंदी सिनेमानं रॉकचा नाद उचलला, आपल्या साखळीत बसवला आणि गावोगाव पोचवला. म्हणजे लोकांना हा आवाज परका होता म्हणून बँड बुडाले, हे कारण पुरत नाही. आवाज पोचला, बँड राहून गेले. कारण वाट सिनेमाच्या ताब्यात होती.

वडसा आणि मुंबई

आता तुम्हाला तुमच्या घरचं उदाहरण देतो. आपली झाडीपट्टी रंगभूमी. दिवाळी झाली की वडशाला, म्हणजे देसाईगंजला, नाटक मंडळ्यांची कार्यालयं गजबजतात. गावची मंडळी येतात, तारीख ठरते, रक्कम ठरते. मंडईला किंवा शंकरपटाला जोडून रात्रभर प्रयोग होतो. गाव तिकिटं विकतं. ऑर्गनवाला, तबलेवाला, ऑक्टोपॅडवाला, सगळ्यांचा हिशेब चुकता होतो. होळीपर्यंत हा हंगाम चालतो. पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांनी कित्येक वर्षं याची दखल घेतली नाही, तरी काही अडलं नाही. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा शहरातल्या अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. इथे ते घराघरांत माहीत होतं.

मला काय म्हणायचं आहे? झाडीपट्टी शहराच्या नजरेआड होती, पण तिची साखळी शाबूत होती. मुंबईचे बँड वर्तमानपत्रांच्या, रेकॉर्ड कंपन्यांच्या दारात राहत होते, पण त्यांची साखळी तुटकी होती. म्हणून 'दुर्लक्षित' आणि 'अयशस्वी' हे दोन शब्द आपण एकाच अर्थानं वापरतो ते बरोबर नाही. झाडीपट्टी दुर्लक्षित होती, अयशस्वी नव्हती. बँडांचं उलटही झालं. काहींचा गाजावाजा झाला, पण संसार चालला नाही.

साखळी स्वतः घडवणाराही एखादा निघतो. गोव्याचे रेमो फर्नांडिस बघा. मुंबईत वास्तुशास्त्र शिकत असताना ते सॅव्हेजेसबरोबर वाजवत. पुढे शिवोलीच्या घरी साध्या चार ट्रॅकच्या यंत्रावर सगळी वाद्यं स्वतः वाजवून त्यांनी 'गोवन क्रेझी' ही कॅसेट केली. साल १९८४. स्कूटरवर घालून दुकानोदुकानी स्वतः पोचवली. तिथून पुढे त्यांचं नाव झालं. गुण होतेच, पण वाटही त्यांनी स्वतःच पाडली. अर्थात प्रत्येक गवयाला स्कूटरवर माल विकणं जमायलाच हवं, असा काही नियम करता येत नाही.

नंदू भेंडे : आवाज माहीत, नाव नाही

आता एका मराठी माणसाबद्दल. नंदू भेंडे. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे या रंगभूमीवरच्या दांपत्याचा मुलगा. घरात मराठी नाटक, आणि हा पोरगा व्हेल्वेट फॉग, सॅव्हेज एन्काउंटर अशा बँडांमधून रॉक गायचा. १९७४ साली ॲलेक पदमसींनी 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' हे संगीत नाटक मुंबईत केलं, त्यात हा ज्युडास झाला. येशूचं काम मधुकर चंद्र दास यांनी केलं. ते ॲटॉमिक फॉरेस्ट या बँडचे गायक. पुढे १९७८ मध्ये पुण्याच्या थिएटर अकादमीनं पु. ल. देशपांड्यांचं 'तीन पैशाचा तमाशा' केलं, दिग्दर्शक जब्बार पटेल. ब्रेख्तच्या नाटकावरून ते घेतलेलं. त्यात नाट्यसंगीत, तमाशा आणि पॉप-रॉक शेजारी शेजारी नांदत होते, आणि त्यातला पाश्चात्त्य रंग नंदू भेंड्यांमुळे आला. मराठी शब्द रॉकच्या ठेक्यात बसतात, हे मराठी प्रेक्षकानं तिथे कानांनी ऐकलं.

आणि १९८२ चा 'डिस्को डान्सर'. त्यातलं कृष्णाला पृथ्वीवर यायची साद घालणारं गाणं नंदू भेंड्यांचं. हा सिनेमा सोव्हिएत रशियातसुद्धा तुफान चालला. कोट्यवधी लोकांनी हा आवाज ऐकला. नाव किती जणांना ठाऊक आहे? २०१४ साली ते गेले. म्हणजे एकाच माणसाच्या आयुष्यात बघा, जे स्वतःचं म्हणून गायला ते फार थोड्यांनी ऐकलं, आणि जे सिनेमाच्या साखळीतून गेलं ते जगभर पोचलं, पण बिननावानं. याला यश म्हणायचं की अपयश? शब्द तोकडे पडतात, नाही का?

ॲटॉमिक फॉरेस्टचंही सांगतो. त्यांची 'ऑब्सेशन ७७' नावाची एकच तबकडी. फारशी खपली नाही, बँड विस्कटला. पुढे कित्येक वर्षांनी परदेशातल्या हौशी संग्राहकांना ती सापडली, आणि २०११ मध्ये अमेरिकेतल्या एका छोट्या कंपनीनं पुन्हा काढली. आता आपण म्हणतो, बघा, शोध लागला! हे वाक्य मार्कंड्याच्या लोकांना नवीन नाही. १८७० च्या दशकात कनिंगहॅम इथे आले, त्यांनी देवळांचं वर्णन लिहिलं, आणि जगाला मार्कंड्याचा 'शोध लागला'. त्याआधी शिवरात्रीची यात्रा काय भरत नव्हती? शोध लागतो तो बाहेरच्यांना. पण लिहून ठेवल्यानं एक झालं, ढासळत चाललेल्या गोष्टीची नोंद राहिली.

काळाच्या चाळणीबद्दल

इथे एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञानं १७५७ साली अभिरुचीवर निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की फॅशन, हेवेदावे, तात्पुरती लाट हे सगळं काळ पुसून टाकतो, आणि जे खरं चांगलं ते शिल्लक राहतं. होमर दोन हजार वर्षं टिकला तो उगीच नव्हे. मग या बँडांचं जे व्हायचं ते झालं, काळानं निवाडा दिला, आपण कशाला उकरायचं?

युक्तिवाद चांगला आहे, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे. चाळणी चाळते हे खरं, पण धान्य चाळणीत पडलं तर ना! जे जपलंच गेलं नाही त्याचा निवाडा काळ कसा करणार?

तुकोबांच्या गाथेची कथा घ्या. वह्या इंद्रायणीत बुडवल्या, त्या तरल्या. श्रद्धेनं तुम्ही ती जशी मानता तशी माना. पण कित्येक जाणकार तिचा आणखी एक अर्थ लावतात की अभंग लोकांच्या मुखात होते म्हणून तरले. अभंगाला टाळ पुरतो, तोंड पुरतं. रॉक संगीताचं तसं नाही. तो आवाज शब्दांत आणि चालीत मावत नाही. गिटारचा विशिष्ट कर्कशपणा, ड्रमचा दणका, चौघांचं एकाच क्षणी एकत्र येणं, हे मुखोद्गत करता येत नाही. ते टेपवर राहिलं तर राहिलं. टेपला बुरशी आली की संपलं. म्हणून या कलेत जपणारा नसेल तर काळाचा निवाडा नुसता योगायोग ठरतो.

अमेरिकेतलं एक उदाहरण देतो. डेट्रॉइट शहरात हॅकनी नावाचे तीन कृष्णवर्णीय भाऊ. १९७० च्या दशकात त्यांनी रॉक बँड काढला, नाव ठेवलं 'डेथ', म्हणजे मृत्यू. एका मोठ्या कंपनीच्या प्रमुखाला गाणी आवडली, पण तो म्हणाला, नाव बदला. थोरला डेव्हिड बधला नाही. करार गेला. १९७६ साली स्वतःच्या खर्चानं दोन गाण्यांची तबकडी काढली, प्रती ५००. चालली नाही. डेव्हिडनं मूळ टेपा भावाकडे दिल्या. जपून ठेव, एक दिवस लोक शोधत येतील, असं तो म्हणाल्याचं भाऊ सांगतात. डेव्हिड २००० साली वारला. २००९ मध्ये त्या टेपांवरून पूर्ण रेकॉर्ड निघाली आणि जाणकारांनी मान्य केलं की पुढे ज्याला पंक म्हणून नाव मिळालं ते या भावांनी आधीच वाजवलं होतं. इथे काळानं काय केलं? काहीच नाही. केलं ते माळ्यावर टेपा जपणाऱ्या भावानं.

मग वाया गेलं का?

आता मूळ प्रश्नाकडे. ॲलिस्डेर मॅकिंटायर या तत्त्वज्ञानं एक भेद केला आहे, तो इथे उपयोगी पडतो. कुठल्याही कामात दोन तऱ्हेचं मोल असतं. एक बाहेरचं, पैसा, नाव, मान. ते दुसऱ्या कामातूनही मिळू शकतं. दुसरं आतलं, ते त्या कामातूनच मिळतं. बुद्धिबळातली सुंदर चाल बुद्धिबळ खेळूनच कळते. चार जणांचा ताल एका मात्रेवर जुळतो तेव्हा जे होतं, ते वाजवणाऱ्यालाच मिळतं. बँड खपला नाही म्हणून ते घडलंच नाही असं होत नाही.

पण इथेच थांबलो तर मी तुमची फसवणूक करीन. आतलं मोल मोठं, असं म्हणून कलावंताला उपाशी ठेवायची आपल्याकडे फार सोय आहे. 'तुम्हाला कलेचा आनंद मिळतो ना, मग मानधन कशाला?' हे वाक्य इथल्या वादकांनी ऐकलेलं असणार. आतलं मोल टिकायलाही बाहेरचं थोडं लागतं. तालमीला जागा लागते, तारा तुटल्या तर नव्या लागतात, घरी चूल पेटावी लागते. मुंबईचे बहुतेक बँड आनंद संपला म्हणून फुटले नाहीत. कुणी नोकरीला लागलं, कुणी परदेशी गेलं, कुणी सिनेमाच्या वाद्यवृंदात गेलं. ही माणसं हरली असं म्हणणं सोपं आहे. त्यांना धरून ठेवील असं काही आपण उभं केलं नव्हतं, हे म्हणणं जड जातं.

आणि उलटी अतिशयोक्तीही नको. जे बुडालं ते सगळं थोरच होतं असं नाही. सिमला बीटच्या रेकॉर्डी ऐका, काही गाणी सरळ नक्कल आहेत. न खपणं हा गुणाचा पुरावा नाही, खपणं हाही नाही. ऐकूनच ठरवावं लागतं. आणि ऐकायला ते उरलेलं असावं लागतं.

श्रोत्यांचे प्रश्न

एका तरुण श्रोत्यानं विचारलं : सर, आमचा चौघांचा ग्रुप आहे. गिटार आहे, ऑक्टोपॅड आहे. घरचे म्हणतात, पोट्टे वाया चालले. त्यांना काय सांगू?

उत्तर : घरच्यांना तत्त्वज्ञान सांगू नकोस बाबा, त्यांची काळजी खरी आहे. पोटाचा उद्योग बघ, तो बघण्यात काही कमीपणा नाही. ग्रुपचं म्हणशील तर तीन गोष्टी कर. एक, दर महिन्याला एक तरी गाणं स्वतःचं असू दे, आणि ते तू घरात बोलतोस त्या बोलीत असू दे. मुंबईच्या बँडांना जे उशिरा सुचलं ते तुला आधीच ठाऊक आहे. दोन, मोबाइलवर का होईना ते मुद्रित कर, आणि त्याच्याबरोबर कोण वाजवतंय, कुठे, कुठल्या तारखेला, हे लिहून ठेव. तीन, साखळी लांब शोधू नकोस. शंकरपट आहे, मंडई आहे, झाडीपट्टीचे वादक शेजारी आहेत. त्यांच्याकडून हिशेब कसा ठेवतात तेही शीक.

दुसरा प्रश्न एका ताईंचा : आमच्या घरी सासऱ्यांच्या जुन्या नाटकांच्या कॅसेटी आहेत. वाजत नाहीत. फेकाव्या का?

उत्तर : फेकू नका ताई. कोरड्या जागी, उन्हापासून लांब, उभ्या ठेवा. चुंबकाजवळ किंवा लाऊडस्पीकरजवळ ठेवू नका. पुष्कळदा टेप चांगली असते, फक्त वरचं कवच किंवा आतला दाब देणारा तुकडा गेलेला असतो. जाणकार माणूस ती दुसऱ्या कवचात घालून वाजवतो, आणि एकदा वाजली की संगणकावर उतरवून घेता येते. तोवर एक काम आजच करा. सासूबाईंना किंवा त्या काळच्या कुणालाही जवळ बसवा आणि प्रत्येक कॅसेटवर नाटकाचं नाव, गाव, आणि गाणारे-वाजवणारे कोण होते ते लिहा. आवाज पुढेमागे यंत्र काढून देईल. नावं मात्र माणसालाच आठवतात, आणि ती माणसं फार दिवस आपल्यात राहणार नाहीत.